पायदानांची रोजकीर्द

१९५८ सालच्या ४ ऑगस्टच्या अंकात 'बिलबोर्ड' या अमेरिकेतील करमणूक-व्यवसायाच्या साप्ताहिकाने शंभर गाण्यांची एक क्रमवारी 'हॉट हंड्रेड' या नावाने छापली आणि तिच्या अग्रस्थानी रिकी नेल्सन नामक अठरा वर्षांच्या मुलाने गायिलेले 'पुअर लिटल फूल' हे गाणे होते. त्याच वर्षी दर बुधवारी रात्री आठ वाजता कोलंबोहून लघुलहरींवरून येणारी दुसरी एक क्रमवारी आपल्याकडच्या माजघरांतून, पानपट्टीच्या ठेल्यांवरून आणि मुंबईच्या इराण्यांच्या हॉटेलांतून ऐकली जात होती, व वर्षअखेरीस तिने 'सोलवां साल' या चित्रपटातील हेमंतकुमारांच्या गाण्याला, म्हणजे ज्यातला माउथ ऑर्गन तरुण राहुलदेव बर्मन याने वाजविला आहे त्या गाण्याला, वर्षाचे पहिले स्थान बहाल केले. या दोन क्रमवाऱ्यांना परस्परांची गंधवार्ताही नव्हती. तथापि दोहोंसंबंधी पुढच्या पिढ्यांनी जी समजूत करून घेतली ती मात्र एकच : की या याद्या म्हणजे लोकांच्या आवडीनिवडीचा कौल होय. ही समजूत कितपत खरी आहे, पहिले गाणे पहिले म्हणजे नेमके कशात पहिले, आणि ते पहिलेपण मोजावयाला कोण, कोणते माप घेऊन बसला होता, हा या आढाव्याचा विषय आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावयास हवे की गाण्यांची क्रमवारी लावण्याची प्रथा त्या दशकात जन्मलेली नाही. अमेरिकेत 'युअर हिट परेड' हा नभोवाणीवरील कार्यक्रम १९३५ पासून एका सिगारेट-कंपनीच्या पैशाने चालू होता, पुढे १९५० पासून तो दूरचित्रवाणीवरही आला, आणि त्यात आठवड्याची लोकप्रिय गाणी कार्यक्रमाचेच पगारी गायक गाऊन दाखवीत. त्या काळच्या धारणेप्रमाणे यात वावगे काहीच नव्हते, कारण लोकप्रिय व्हावयाचे ते गाणे, म्हणजे शब्द आणि चाल. ते कोणी गायिले हा प्रश्न दुय्यम होता, आणि इंग्लंडात तर बराच काळ गाण्याची लोकप्रियता त्याच्या छापील स्वरलिपीच्या खपावरून, म्हणजे घरच्या पियानोवर ते वाजवू इच्छिणाऱ्यांच्या संख्येवरून ठरत असे. १९५६ साली एल्व्हिस प्रेस्ली याचे 'हाउंड डॉग' आले आणि या व्यवस्थेची केविलवाणी अवस्था झाली. स्नूकी लॅन्सन नावाच्या सभ्य, नीटनेटक्या गायकावर ते गाणे 'हिट परेड'मध्ये गाण्याची पाळी आली, तेव्हा पाहणाऱ्यांना कळून चुकले की लोकांना हवे होते ते गाणे नव्हते. हवा होता तो विशिष्ट कंठ, ती विशिष्ट बेगुमानी आणि त्या विशिष्ट तबकडीत कोरला गेलेला तो विशिष्ट गोंगाट. १९५९ च्या एप्रिलमध्ये तो कार्यक्रम बंद पडला. माझ्या मते त्या दशकाच्या उत्तरार्धातील सर्वांत महत्त्वाची घटना कोणतीही एक चाल नसून हीच आहे : क्रमवारीतून गाणे उठले आणि त्याच्या जागी तबकडी येऊन बसली.

तबकडी आली म्हणजे तिचा हिशेबही आला, आणि हिशेबाची वही एक राहिली नाही. 'बिलबोर्ड' त्या काळी एकच यादी छापीत नसे. दुकानांत सर्वाधिक खपलेल्या तबकड्यांची एक यादी, नभोवाणीच्या निवेदकांनी सर्वाधिक वाजविलेल्यांची दुसरी, आणि उपाहारगृहांतून नाणे टाकून वाजवावयाच्या ज्यूकबॉक्स-यंत्रांची तिसरी, अशा तीन वह्या शेजारी शेजारी चालत, आणि एकाच आठवड्यात तिहींच्या शिरोभागी तीन निरनिराळी गाणी असणे अशक्य नव्हते. या तिन्ही वह्यांमागे माणसेही तीन होती. दुकानातल्या वहीत ज्याच्या घरी यंत्र आहे आणि खिशात तबकडीची किंमत आहे असा गृहस्थ. निवेदकाच्या वहीत लोकांना काय ऐकवावे हे ठरविण्याचा अधिकार गाजविणारा मध्यस्थ. आणि ज्यूकबॉक्सच्या वहीत खिशात एखाददुसरे नाणे घेऊन मित्रांसह कोपऱ्यात बसलेला शाळकरी पोर. यांतली तिसरी वही मला सर्वांत प्रामाणिक वाटते, कारण काही नभोवाणी-केंद्रांनी 'रॉक अँड रोल'ला दार लावून घेतले होते त्या दिवसांत त्या पोरांचे म्हणणे मांडणारी तेवढीच एक जागा होती. १९५७ च्या जूनमध्ये ती यादी बंद झाली. पुढच्याच वर्षी 'हॉट हंड्रेड'ने विक्री आणि प्रक्षेपण यांचा एकत्र मेळ घालून एकच जमाबंदी केली, आणि त्यानंतर दोनेक महिन्यांतच दुकानांच्या विक्रीची स्वतंत्र यादीही दप्तरदाखल झाली. सोय झाली हे खरे; पण तीन साक्षीदारांच्या तीन जबान्या एकत्र कुटून एकच कबुलीजबाब तयार केला म्हणजे वाचणाऱ्याचे काम सोपे होते आणि तपास करणाऱ्याचे कठीण होते, तसे हे झाले.

शिवाय या वह्यांना आणखी एक आतला कप्पा होता व त्याविषयी बोलताना अमेरिकन लेखकही क्षणभर अडखळतात. कृष्णवर्णीयांच्या संगीताची क्रमवारी निराळी छापली जाई. १९४९ पर्यंत तिचे नाव सरळसरळ वंशवाचक होते. त्या वर्षी 'बिलबोर्ड'मध्ये काम करणाऱ्या जेरी वेक्सलर याच्या सूचनेवरून 'रिदम अँड ब्लूज' हे सुसंस्कृत नाव आले, परंतु भिंत होती तेथेच राहिली. फॅट्स डॉमिनो याने आपले 'एन्ट दॅट अ शेम' १९५५ साली गायिले आणि ते त्या वेगळ्या यादीत शिखरावर पोहोचले. पण सार्वत्रिक यादीच्या शिखरावर गेले ते त्याच गाण्याचे पॅट बून या गौरवर्णीय गायकाने केलेले धुतलेले, इस्त्री केलेले रूप. आज बूनची आवृत्ती ऐकावयास घेतली तर दोन मिनिटे काढणे जड जाते. त्या यादीचा कागद मात्र खोटे बोलत नाही. कोणत्या दुकानात कोणती तबकडी ठेवली जाई आणि कोणत्या केंद्रावर कोणाचा आवाज चाले, हे तो चोख सांगतो. आपण त्याला विचारतो लोकांना काय आवडले, आणि तो उत्तर देतो लोकांपर्यंत काय पोहोचू दिले गेले.

यादी ही परिणाम राहिली नाही, कारण बनली, तीही याच वर्षांत. ओमाहा येथील टॉड स्टॉर्झ या नभोवाणी-चालकाविषयी अशी दंतकथा प्रचलित आहे की एका उपाहारगृहात बसला असताना त्याने पाहिले, गिऱ्हाईक दिवसभर ज्यूकबॉक्सवर तीच तीच मोजकी गाणी वाजवीत होते, आणि हॉटेल बंद होण्याच्या वेळी, दिवसभर ती गाणी ऐकून कान किटले असतील असे जिच्याविषयी कोणीही म्हटले असते त्या वाढपी मुलीने आपल्या कमाईतले नाणे काढून त्यांतलेच एक गाणे पुन्हा लावले. कथेत मीठमसाला असेल. परंतु तिच्यातून निघालेले 'टॉप फॉर्टी'चे तंत्र, मोजकी गाणी आणि त्यांचीच अखंड आवर्तने, अमेरिकाभर पसरले यात शंका नाही. गाणे यादीत आहे म्हणून वाजते, वाजते म्हणून खपते, आणि खपते म्हणून यादीत राहते, अशी ही रहाटमाळ होय. तिच्या पहिल्या गाडग्यात पाणी कोणी ओतावयाचे, एवढाच काय तो प्रश्न उरला, आणि त्याचे उत्तर व्यापाऱ्यांनी चटकन शोधून काढले : निवेदकाच्या हातावर काही ठेवावयाचे. या प्रकाराला तिकडे 'पेओला' म्हणत. १९५९ च्या अखेरीस हे प्रकरण चव्हाट्यावर आले, पुढच्या वर्षी ओरेन हॅरिस यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय उपसमितीपुढे जाबजबाब झाले, आणि 'रॉक अँड रोल' हे नाव ज्याच्यामुळे घरोघर पोहोचले त्या ॲलन फ्रीडची नोकरी गेली. गंमत अशी की संघराज्याच्या कायद्याने तोवर ही लाच गुन्हाच नव्हती. न्यूयॉर्क राज्याच्या व्यापारी लाचलुचपतीच्या कायद्याखाली फ्रीडवर खटला झाला, १९६२ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला आणि त्याला तीनशे डॉलर दंड झाला. चक बेरीच्या 'मेबेलिन'वर सहलेखक म्हणून याच फ्रीडचे नाव छापलेले होते, एवढे सांगितले म्हणजे दंड आणि दस्तुरी यांतले अंतर वाचकांच्या लक्षात येईल.

इंग्लंडची हकीकत थोडक्यात आटोपता येण्यासारखी आहे. तेथे 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस' या साप्ताहिकाच्या पर्सी डिकिन्स याने १९५२ च्या नोव्हेंबरात वीसएक दुकानांना टेलिफोन करून खपाची चौकशी केली आणि बारा क्रमांकांची यादी छापली. बरोबरीत आलेल्यांमुळे त्या बारांत पंधरा गाणी बसली. पुढे इतर साप्ताहिकांनीही आपापल्या याद्या काढल्या, आणि दशक संपेपर्यंत कोणतीही एक यादी अधिकृत अशी नव्हती. आपल्याला त्यांतून घेण्याजोग्या गोष्टी दोन. एक, १९५९ साली सहा आठवडे पहिल्या स्थानावर राहिलेल्या 'लिव्हिंग डॉल'चा गायक क्लिफ रिचर्ड हा मूळचा हॅरी वेब, आणि त्याचा जन्म लखनौचा. दुसरी गोष्ट अधिक मोलाची आहे. बीबीसीने हलक्याफुलक्या संगीताला हात राखूनच वेळ दिला, तेव्हा इंग्रज तरुणांनी रात्री काटा फिरवून परदेशातले रेडिओ लक्झेंबर्ग लावले, आणि गाण्यांची क्रमवारी आठवड्याच्या आठवड्याला ऐकण्याची सवय त्यांना जाहिरातींवर चालणाऱ्या त्या परकी केंद्राने लावली. राज्याने दार लोटले की सीमेपलीकडचा दुकानदार खिडकी उघडतो. आपल्याकडे हेच, याच वर्षांत, याहून कितीतरी मोठ्या प्रमाणावर घडले.

१९५२ ते १९६२ या काळात नभोवाणी खात्याचे मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे होते : पुण्याचे, विद्वान, आणि अभिजात संगीताविषयी मनापासून कळकळ असलेले गृहस्थ. चित्रपटगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते हे त्यांचे मत होते आणि ते मत खात्याच्या शिरस्त्यात उतरले. गाण्यांवर छाननी बसली, गाणे लावताना चित्रपटाचे नाव सांगणे ही त्याची फुकट जाहिरात ठरते असे खात्याला वाटू लागले, निर्मात्यांशी बेबनाव झाला, आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीत जवळजवळ नाहीसे झाले. ते नाहीसे झाले ते केवळ आकाशवाणीवरून. महायुद्धात दोस्तांच्या आग्नेय आशियाई सेनेसाठी सिलोनमध्ये उभारलेले प्रचंड शक्तीचे प्रक्षेपक युद्ध संपल्यावर सिलोन नभोवाणीच्या हाती आले होते. त्यांच्या लघुलहरी हिमालयापर्यंत सहज पोहोचत, आणि सिलोनच्या व्यापारी विभागाला जाहिरातींचे वावडे नव्हते. सिबा या स्विस कंपनीला आपली बिनाका टूथपेस्ट खपवावयाची होती. मुंबईत ध्वनिफिती तयार व्हावयाच्या, विमानाने कोलंबोला जावयाच्या, आणि तेथून बुधवारी रात्री पुन्हा मुंबईच्याच कानांवर पडावयाच्या, असा हा द्राविडी प्राणायाम 'बिनाका गीतमाला' या नावाने १९५२ च्या ३ डिसेंबरला सुरू झाला. निवेदक होते वीस वर्षे पूर्ण व्हावयाला काही दिवस कमी असलेले अमीन सयानी.

सयानींच्या आवाजाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांच्या भाषेविषयी त्या मानाने कमी. त्यांच्या मातोश्री कुलसुम सयानी या गांधीजींच्या प्रेरणेने नवसाक्षरांसाठी 'रहबर' हे पाक्षिक चालवीत, आणि त्यातली सोपी, सर्वांना कळणारी हिंदुस्तानी लहानपणीच अमीन यांच्या जिभेवर बसली होती. क्रमांकाला त्यांनी 'पायदान' हा शब्द रूढ केला, आणि मराठी घरांतूनही मुले 'या आठवड्यात कोणत्या पायदानावर?' असे विचारू लागली, ज्यांना घरातले पायदान म्हणजे उंबऱ्याशी पाय पुसावयाचे काथ्याचे तरट एवढेच ठाऊक होते.

आता मापाकडे वळू. प्रारंभी 'गीतमाला' ही क्रमवारी नव्हतीच. अर्ध्या तासात सात गाणी वाटेल त्या अनुक्रमाने वाजवावयाची आणि श्रोत्यांनी त्यांचा क्रम लावून पाठवावयाचा, जुळला तर शंभर रुपये, असा तो पैजेचा प्रकार होता. सयानींनीच पुढे अनेकदा सांगितल्याप्रमाणे पहिल्या कार्यक्रमाला नऊ हजार पत्रे आली, आणि वर्षभरात आठवड्याचा आकडा पासष्ट हजारांवर गेला. एवढी पत्रे उघडून तपासणे मूठभर माणसांच्या शक्तीबाहेरचे होते, म्हणून १९५४ च्या डिसेंबरात पैज बंद करून तासाभराची क्रमवारी सुरू झाली. क्रमवारीचा पाया तबकड्यांचा खप. देशभरच्या निवडक दुकानांतून आकडे मागवावयाचे. लवकरच तक्रारी आल्या. गाणे इतके लोकप्रिय की दुकानातला साठा संपला, आणि साठा नाही म्हणून खप नाही, आणि खप नाही म्हणून गाणे खाली आले, असा उलटा न्याय होऊ लागला. कोणी निर्माते आपल्याच चित्रपटाच्या तबकड्या गठ्ठ्याने विकत घेऊन क्रम वर चढवितात अशीही कुजबूज झाली. त्यावर उतारा म्हणून गावोगावच्या श्रोतासंघांचा कौल खपाच्या जोडीला घेतला जाऊ लागला.

खपाचे हे माप आपल्याकडे किती तोकडे होते हे समजण्यासाठी त्या काळची तबकडी हातात घेऊन पाहावी. डमडमच्या कारखान्यात घडलेली, लाखेची, काळी, जड. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे. एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे. हातातून निसटली की तिचे तुकडे गोळा करावयाचे. दर एकदोन वादनांनंतर सुई बदलावयाची, आणि चावी कमी पडली की लताबाईंचा आवाज हळूहळू पुरुषी होत जावयाचा. अमेरिकेत तोवर पंचेचाळीस फेऱ्यांच्या हलक्या, न फुटणाऱ्या तबकडीने बाजार काबीज केला होता, आणि ती शाळकरी मुलांच्या खाऊच्या पैशात येत होती. आपल्याकडे फोनो असलेले घर हे बऱ्यापैकी सुखवस्तू घर होते. गाणे ऐकणारे लक्षावधी, तबकडी घेणारे त्यांच्यातले थोडे, आणि पत्र लिहिणारे, म्हणजे पोस्टकार्डाचा खर्च आणि अक्षरओळख दोन्ही असलेले, तिसरेच. रेडिओलासुद्धा पोस्टातून परवाना काढावा लागे. म्हणून एका परवान्यावर सबंध आळी ऐके, आणि त्या आळीचे मत कोणत्याही वहीत उतरत नसे.

असे असूनही वार्षिक याद्या चाळताना काही जागी आपण थबकतो. १९५७ हे 'मदर इंडिया', 'प्यासा' आणि 'नया दौर' यांचे वर्ष. संगीताच्या इतिहासात या तिन्ही चित्रपटांची पाने भरलेली आहेत. त्या वर्षीचे 'गीतमाले'तले पहिले गाणे यांतल्या एकातलेही नाही. ते आहे 'जनम जनम के फेरे' या चित्रपटातले, भरत व्यास यांनी लिहिलेले, एस. एन. त्रिपाठी यांनी बांधलेले, रफी आणि लता यांचे. पौराणिक चित्रपटांचे संगीतकार म्हणून त्रिपाठींना समीक्षकांनी सदैव दुसऱ्या पंगतीत बसविले. पण त्या पंगतीला जेवणारे किती होते हे या एका नोंदीवरून दिसते. क्रमवारीचा खरा उपयोग मला येथे वाटतो : इतिहासकारांनी मागाहून जी निवड केली तिच्यावर ती हरकत घेते. उलट, त्याच वर्षी 'आशा' या चित्रपटासाठी पुणतांब्याच्या चितळकर रामचंद्रांनी, रॉक अँड रोलची अमेरिकन लाट अजून ताजी असताना, निरर्थक अक्षरांची जी धमाल चाल बांधली आणि किशोरकुमार व आशा यांच्याकडून वेगवेगळी गाऊन घेतली, ती आजही लग्नाच्या वरातीत वाजते. रामचंद्रांच्या वाद्यवृंदात गोव्याच्या हळदोण्याचा चिक चॉकलेट आपले ट्रम्पेट घेऊन बसत असे. मुंबईच्या हॉटेलांतला जॅझ आणि चित्रपटाचे संगीत यांच्यामधला पूल अशा गोमंतकीय वादकांनीच बांधला. त्यांच्यापैकी कोणाचेही नाव कोणत्याही पायदानावर कधी उच्चारले गेले नाही.

नावाचा प्रश्न निघालाच आहे तर तो पुरता सांगून टाकतो. अमेरिकेत क्रमवारी गाण्याकडून गायकाकडे सरकत असताना आपल्याकडे गायकाला स्वतःचे नाव मिळविण्यासाठी झगडावे लागत होते. १९४९ च्या 'महल'मधल्या त्या प्रसिद्ध गाण्याच्या सुरुवातीच्या तबकड्यांवर लताबाईंचे नाव नव्हते; पडद्यावरच्या पात्राचे, 'कामिनी'चे, होते. 'चोरी चोरी'च्या संगीताला फिल्मफेअर पारितोषिक मिळाले तेव्हा समारंभात त्यातले गाणे गाण्यास लताबाईंनी नकार दिला, कारण पारितोषिकांत गायकाला जागाच नव्हती. ती जागा १९५९ च्या समारंभात निर्माण झाली आणि 'मधुमती'तल्या गाण्यासाठी त्यांनाच प्रथम मिळाली. सयानी मात्र बुधवारच्या कार्यक्रमात गायकांची नावे आवर्जून घेत, आणि याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

आणि जे कोणत्याच यादीत आले नाही त्याचे काय? १९५५ च्या १ एप्रिलला, रामनवमीच्या दिवशी, पुणे केंद्रावरून गदिमांचे आणि सुधीर फडक्यांचे 'गीतरामायण' सुरू झाले आणि वर्षाहून थोडा अधिक काळ आठवड्याला एक याप्रमाणे छप्पन्न गीते प्रसारित झाली. लोक रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून बसत असे त्या पिढीतले लोक सांगतात. त्या वर्षी महाराष्ट्रात याहून लोकप्रिय असे दुसरे काही गायिले गेले असेल असे मला वाटत नाही. आणि तरी त्याचे पायदान कोणते, हा प्रश्न विचारावयाला मराठीत क्रमवारीच नव्हती. ज्या केसकरांच्या अंमलाला आपण चित्रपटगीतांवरच्या बंदीबद्दल बोल लावतो, त्याच अंमलातल्या सुगम संगीताच्या धोरणाने ही जागा मोकळी ठेवली होती, हेही त्यांच्या खात्यावर जमा केले पाहिजे. पुढे १९५७ च्या ३ ऑक्टोबरला 'विविध भारती' काढून सरकारने आपला हट्ट सोडला. पण बुधवारची रात्र सिलोनकडेच राहिली.

सारांश काढण्याचा मोह टाळून एकच सुचवितो. 'गीतमाले'च्या वार्षिक याद्या आज कोठेही मिळतात. दर आठवड्याच्या याद्या मात्र मुख्यत्वे श्रोत्यांनी स्वतः उतरवून ठेवलेल्या वह्यांत आहेत. माझ्या मामाची अशी एक वही मी पाहिली आहे : दोनशे पानी, खाकी पुठ्ठ्याची, पट्टीने आखलेले रकाने, चालू आठवड्याची पायरी निळ्या शाईत आणि मागच्या आठवड्याची लाल शाईत. मधूनमधून एखाद्या बुधवारी काही रकाने कोरे आहेत आणि त्यांवर तिरप्या अक्षरात एकच शब्द आहे, 'खरखर'. कोणते गाणे कोठवर पोहोचले आणि कोठे अडले याची इतकी खरी नोंद 'बिलबोर्ड'च्या दप्तरातही सापडावयाची नाही. अशी वही ज्यांच्या माळ्यावर असेल त्यांनी ती रद्दीत घालण्यापूर्वी गावच्या ग्रंथसंग्रहालयात नेऊन दाखवावी. आणि देताना कोऱ्या रकान्यांची पाने फाडून ठेवू नयेत.